संन्याशाच्या लग्नाला

संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी, अशी आपल्याकडे म्हण आहे. मराठी रंगभूमीने ही तयारी १८८२ सालीच करून ठेवली. त्या वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' आले आणि प्रेमात पडलेला संन्यासी आपण टाळ्या वाजवून घरात घेतला.

हे आठवायचे कारण आमची पुतणी. वय वर्षे सोळा, मुक्काम थळ. समोर खांदेरी-उंदेरी तापताहेत, अंगात बनियनसुद्धा नकोसा वाटतो आहे, आणि ही बाई नखशिखांत काळ्या कपड्यांत, डोळ्यांत बोटभर काजळ! याला 'गॉथ' म्हणतात म्हणे. विलायतेत १९८०च्या सुमारास रॉक संगीताच्या नादाने निघालेला हा पंथ. आमच्या आईला वाटले, दृष्ट लागू नये म्हणून सूनबाईंनी तीट जरा सढळ हाताने लावली. शिवाय पोरगी 'फॅन फिक्शन' लिहिते. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसे उचलायची आणि त्यांच्याकडून आपल्याला हवे ते करून घ्यायचे. थोडक्यात, भांडवल दुसऱ्याचे, नफा आपला. "हे कसले लिहिणे?" असा आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे तिच्या तीर्थरूपांचा, सवाल आहे. त्यांच्यासाठी हा हिशेब.

मूळ ठेव महाभारतातली. रैवतकावर अर्जुनाला सुभद्रा दिसते, कृष्ण सल्ला देतो, अर्जुन तिला रथात घालून नेतो. तिला विचारतो कोण? भागवतकारांनी त्यात भर घातली: बलरामाच्या मनात दुर्योधनाचे स्थळ, म्हणून अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत येतो आणि बलरामच त्याला आग्रहाने घरी जेवायला नेतो. पुढे किर्लोस्करांनी, जे सरकारी कचेरीत नोकरी करीत, द्वारका उचलून थेट पुण्याच्या माजघरात आणून ठेवली. रुक्मिणी ही वहिनी, कृष्ण लबाड धाकटा, बलराम तापट पण भोळा थोरला. वर घटोत्कचालाही कामाला लावले. तीन हातांतून गेलेला हा चेक दर वेळी वटला!

आणि मुख्य म्हणजे सुभद्रेला तोंड फुटले. माझे लग्न माझ्या मनाविरुद्ध लावता, हे ती गाऊन सांगू लागली. ती सुभद्रा रंगवली भाऊराव कोल्हटकरांनी, वय वर्षे एकोणीस. मिसरूड फुटायच्या वयातल्या मुलाने लुगडे नेसून मुलींच्या मनातले सांगितले आणि अख्खे थिएटर मुग्ध झाले.

दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. १८८७ साली कोर्टाने फर्मावले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग! तुरुंग पत्करीन, असे बाई म्हणाल्या. अखेर १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. त्यांना बोल लावणारे पुण्यात पुष्कळ होते. त्यांतलेच कित्येक रात्री सुभद्रेसाठी उपरण्याने डोळे पुसत असतील. सुभद्रेवर मात्र कुणी दावा लावला नाही.

उसन्या गोष्टीचा फायदा तो हाच. स्वतःच्या नावाने जे पुटपुटताही येत नाही, ते सुभद्रेच्या नावाने खड्या आवाजात गाता येते. राहता राहिला पोशाख. भगवा काय, काळा काय, आत कोण आहे हे द्वारकेत कृष्णाने तेव्हाच ओळखले होते. कपड्यांना फसला तो बलराम. थोरल्या बंधूंनी यातून घ्यायचा तो बोध घ्यावा.