म्हादईच्या तोंडावरची तहान

बेस्टमध्ये तुम्ही नळ सोडता आणि थेट पिण्याचं पाणी येतं. म्हणून उन्हाळ्यात मित्रमंडळींनी ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घ्यायचं ठरवलं, की आधी चौकशी होते केबिनची आणि वाय-फायची. ‘बोटीवर वॉटरमेकर आहे का?’ हे कुणी विचारतच नाही. खलाशांच्या इतिहासात मात्र पाण्याचा प्रश्न नेहमी पहिला होता.

तुम्ही आज ज्या देशात राहता, तिथल्याच लोकांचं उदाहरण घ्या. 1636 ते 1644 या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार पावसाळा संपला की गोव्यासमोर येऊन उभं राहायचं आणि मांडवीचं, म्हणजे आपल्या म्हादईचं, तोंड अडवायचं. समोर गोड्या पाण्याची नदी, पण ती पोर्तुगीजांच्या ताब्यात. मग रसद यायची कुठून? उत्तरेला वेंगुर्ल्याहून. तिथल्या डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे 1652 मध्ये याच कंपनीने केप टाऊनला ठाणं वसवलं, तेही जाता-येता जहाजांना ताजं पाणी आणि भाजीपाला मिळावा म्हणून.

आपल्याकडेही हे गणित पक्कं ठाऊक होतं. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. थोडक्यात, समुद्रावर कोण किती दिवस टिकणार, हे जमिनीवरची विहीर ठरवायची.

ही दोरी तुटली 1960 च्या आसपास. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवणारा, तरीही पाणी पुरेशा वेगाने जाऊ देणारा पडदा तयार केला. आपल्या घरातला ‘आरओ’ त्याच घराण्यातला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवायचे तर हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब द्यावा लागतो. बोटीवरचा पंप तेच करतो.

फायदा किती, ते हिशोबानेच बघा. समजा सहा माणसं, माणशी रोज 4 लिटर, 41 दिवस. झालं जवळजवळ 1,000 लिटर, म्हणजे एक टन वजन! ते वाहायचं नसेल तर बोट हलकी राहते, प्लास्टिकच्या बाटल्या लागत नाहीत आणि टाकी भरायला दर दोन दिवसांनी बंदर गाठावं लागत नाही. उन्हाळ्यात ज्या बेटांवर स्थानिकांनाच पाणी पुरत नाही, तिथे पाहुण्यांनी त्यांच्या नळावर रांग लावायची वेळही येत नाही.

पण परावलंबन संपत नाही, जागा बदलतं. विहिरीऐवजी आता वीज आणि पडदा. बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र चालवलं तर पडदा खराब होतो, म्हणून ते स्वच्छ, खुल्या समुद्रातच चालवायचं. गोल्डन ग्लोब शर्यतीत तर वॉटरमेकरला बंदीच आहे, कारण तिथे 1968 च्या काळातल्या साधनांनीच जगप्रदक्षिणा करायची असते. 2023 मध्ये तिथे दुसरे आलेले अभिलाष टॉमी 236 दिवस समुद्रावर होते. अशा प्रवासात शिडावरून ओघळणारा पाऊस साठवावा लागतो.

याच टॉमींनी, आणि त्यांच्याआधी 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी, ज्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचं नाव ‘म्हादई’. ती बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकरांनी, आणि आराखडा होता डच. ज्या नदीचं तोंड डचांनी अडवलं होतं, तिचंच नाव घेऊन डच आराखड्याची बोट जगभर फिरली.

तेव्हा बोट घेताना वॉटरमेकरची चौकशी आधी करा. आणि तो असला, तरी टाकी भरूनच निघा.