आवळ्याचे श्रेय कोणाला?

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या परिसरात सागाची जंगले आहेत. अशा जंगलातला आवळा चावला, की तो आधी आंबट आणि मग तुरट लागतो. आंबटपणा अम्लांचा, क जीवनसत्त्व हेही एक अम्लच. तुरटपणा टॅनिनांचा. आवळ्याच्या गुणाचे श्रेय यांतल्या कोणाचे?

चरकसंहितेने आवळ्याला रसायनांत मानाचे स्थान दिले. च्यवनप्राशाच्या पाठात पाचशे आवळे आहेत. रसायनशास्त्राचे उत्तर मात्र अलीकडचे. सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले अम्ल हेच स्कर्व्ही टाळणारे क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये उमगले. पुढे हिसार भागात १९३९-४० च्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा आवळा देऊन रोगी बरे करता आले. श्रेय क जीवनसत्त्वाकडे गेले.

पण ते मोजायचे कसे? जुन्या पद्धतीत, ठरावीक रंगद्रव्याचा रंग घालवायला किती रस लागतो ते पाहत. रंग जातो तो इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे, आणि इलेक्ट्रॉन टॅनिनेही देतात. १९९६ मध्ये घोषाल व सहकाऱ्यांनी आवळ्यातील दोन टॅनिनांना ‘एम्ब्लिकॅनिन’ हे नाव देऊन ऑक्सिडीकरण रोखण्याचे श्रेय त्यांना दिले. पुढे २००६ मध्ये घटक वेगळे करून तपासल्यावर क जीवनसत्त्वाचाही मोठा वाटा दिसला. म्हणजे श्रेय दोघांचे. आपल्या देशातील जुन्या आहारतक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असे. २०१७ च्या तक्त्यात ते २५२ आहे. फळाची जात व पक्वता यांनीही हा आकडा बदलतो.

ही अडचण वर्गात दाखवता येते. पातळ पेजेच्या पाण्यात आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग आणावा. एका पेल्यात आवळ्याचा रस, दुसऱ्यात कोऱ्या चहाचे पाणी थेंबाथेंबाने घालावे. निळा रंग दोन्हीकडे जातो. कोऱ्या चहात तर क जीवनसत्त्व जवळजवळ नसते! रंग गेला, एवढ्यावरून तो कोणी घालवला हे ठरत नाही.

आणखी एक फरक आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवा. स्कर्व्हीचा रोगी बरा झाला, हा शरीरातला पुरावा. परीक्षानळीत ऑक्सिडीकरण थांबले, हा नळीतला पुरावा. आवळ्याच्या औषधांच्या जाहिराती दुसरा पुरावा पहिल्यासारखा मांडतात. डब्यावरचा मजकूर वाचताना मुलांनी विचारावे: हे कुठे मोजले?