शाई, तुरटी आणि फुंकर

पोंभुर्ण्याच्या बाजूस पावसाळ्यांत पहाटे बांबूच्या बनावर धुकें उतरतें, तेव्हां त्यास कडा नसते. बांबू काळ्या शाईनें काढतां येईल. चिनी चित्रकारांनीं तो शतकानुशतकें काढला. पण ज्यास कडाच नाहीं तें धुकें कुंचल्यानें काढावें कसें?

ही अडचण फार जुनी आहे. इ. स. ८४७ मध्यें पुऱ्या झालेल्या आपल्या चित्रेतिहासांत चांग येन-युआन यानें ढग काढण्याची एक युक्ति नोंदली आहे. रेशीम ओलें करावें, त्यावर पांढरी भुकटी टाकावी आणि तोंडानें फुंकर मारावी. ढग सुरेख उतरतो, हें तो मान्य करतो; मात्र त्यांत कुंचल्याचा माग दिसत नाहीं, सबब तें चित्र नव्हे, असा निकाल देतो. या निकालास हंसणें सोपें आहे. परंतु चीनमध्यें अक्षर व चित्र एकाच कुंचल्यानें साधत, आणि रेघेवरून माणूस पारखला जाई, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याची भीति खरी वाटूं लागते. फुंकर काय, कोणाचीहि असूं शकते!

दुसरी युक्ति तुरटीची. आपल्या घरीं गढूळ पाणी निवळावयास जी तुरटी फिरवितात, तिचेंच पाणी कागदावर शिंपडून वाळूं द्यावें. मग तेथें शाई मुरत नाहीं व पांढरे ठिपके बर्फासारखे उरतात.

फुंकरीस यंत्राची जोड १८७६ च्या सुमारास अमेरिकेंत मिळाली. एअरब्रशनें छायाचित्रांची डागडुजी झकास झाली. पण त्याच्या गुळगुळीतपणानें चांगची शंका बळावतेच, असें आम्हांस वाटतें. तिला खरें उत्तर तैवानच्या लिऊ कुओ-सुंग यानें दिलें. १९६० नंतरच्या दशकांत त्यानें जाड तंतूंचा कागद घेतला, त्यावर रुंद कुंचल्यानें शाई ओढली, आणि नंतर तंतु उपटून काढले. जेथें तंतु होता तेथें शुभ्र रेघ राहिली. ती कुंचल्याची नव्हे, तरी हात त्याचाच.

आपल्याकडे हाच प्रश्न वासुदेव गायतोंडे यांच्यापुढें होता. १९२४ सालीं नागपुरांत जन्मलेला हा गोमंतकीय घरचा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकला व पुढें झेन विचाराकडे ओढला गेला. त्यानें तैलरंगांत कुंचला जवळजवळ बाजूस ठेवला. रोलरनें रंग पसरावा, कागदाचे कपटे दाबून तो उमटवावा किंवा उचलावा, ही त्याची रीत. कडा नसलेलें धुकें त्याच्या फलकांवर आहे. वर्षाकाठीं चित्रें मात्र मोजकींच. १९८४ च्या अपघातानंतर मोठे फलक झेपेनासे झाले, तेव्हां तो लहान कागदांवर शाईनें खुणा करूं लागला. त्यांत हाताचा माग स्पष्ट दिसतो, आणि भोंवतालचा कागद कोराच ठेवलेला आहे.