जुना वॉकमन, जुना आवाज : जतन कसे करावे?

चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून एखादा जुना वॉकमन बाहेर निघतो आणि त्याच्यासोबत हाताने नावे लिहिलेल्या चार कॅसेटही. अशा वेळी लगेच सेल घालून बटण दाबण्याचा मोह आवरावा. यंत्र बिघडल्यास दुसरे मिळू शकते. पण फितीवर घरच्या घुमट आरतीचे वा दिवंगत आजीच्या आवाजाचे एकमेव मुद्रण असेल आणि ती तुटली, तर तो आवाज कायमचा हरपतो.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला, तर ॲपलचा आयपॉड नोव्हेंबर २००१ मध्ये. तिन्हींचे आयुष्य वेगवेगळ्या कारणांनी सरते.

पट्टा आणि सेल

वॉकमनचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा. काळाच्या ओघात तो सैल पडतो, तडकतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. कॅसेटची प्रमाणित गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असते. पट्टा सैल झाला की ती बिघडते आणि गाणे रडवेले ऐकू येते. त्याच मापाचा नवा पट्टा बसवल्यास यंत्र बहुधा पूर्ववत चालते.

दुसरा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. अल्कलाइन सेलमधून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूची पाती खाऊन टाकते. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या बोळ्याने तो पांढरा थर पुसावा, मग ओलसर फडक्याने पुसून भाग पूर्ण कोरडा करावा. यंत्र वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत, हे सर्वांत उत्तम.

फीत आणि दमट हवा

किनारपट्टीच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. खिडकीतून पांढरे ठिपके दिसल्यास ती कॅसेट वाजवू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवर पसरते. अशी फीत जाणकाराकडूनच स्वच्छ करून घ्यावी. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, १२० मिनिटांची त्याहूनही पातळ. म्हणून ती लवकर ताणते व गुंतते. चांगल्या स्थितीतील फीत वाजवण्याआधी यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावे. कॅसेट पूर्ण गुंडाळून, डबीत उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी.

आयपॉडची बॅटरी

पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती. असे यंत्र पडले की आतील नोंदी धोक्यात येतात. २००५ च्या नॅनोमध्ये फ्लॅश मेमरी आली आणि ही भीती टळली. मात्र लिथियम बॅटरी दोन्हींत झिजतेच. ती पूर्ण उतरलेल्या स्थितीत दीर्घकाळ पडून राहिली तर पुन्हा भारित होईलच असे नाही. यंत्र ठेवून द्यायचे असल्यास ते निम्मे भारित करावे, थंड जागी ठेवावे आणि काही महिन्यांनी पुन्हा भारित करावे. बॅटरी फुगून पडदा वर उचलला गेल्यास यंत्र चार्जरला लावू नये, टोचू वा दाबू नये. ते घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावे.

आधी प्रत, मग दुरुस्ती

मोलाच्या कॅसेटच्या वरच्या कडेवरील प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे मुद्रण होत नाही. नंतर नादुरुस्त वॉकमनवर प्रयोग न करता, सुस्थितीतील कॅसेट यंत्रावरून तिची संगणकीय प्रत काढावी आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. जुन्या वॉकमनच्या दुरुस्तीला त्यानंतर निवांत हात घालता येतो.