‘सुरक्षित’ या शब्दाची मर्यादा
१९५४ मध्ये अमेरिकेत पोलिओ-प्रतिबंधक लशीची जी चाचणी झाली, तीत सुमारे १८ लक्ष बालके सहभागी होती. तिचे मूल्यमापन मिशिगन विद्यापीठात डॉ. टॉमस फ्रान्सिस यांनी केले. १२ एप्रिल १९५५ रोजी विद्यापीठाने लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे सुबोध शब्दांत जाहीर केले. तथापि त्याच महिन्यात एका कारखान्याच्या लशीत जिवंत विषाणू राहिल्याचे उघडकीस आले. कित्येक बालके पंगू झाली. ‘सुरक्षित’ हे विशेषण चाचणीत वापरलेल्या लशीपुरतेच सिद्ध झाले होते. जनतेने ते पुढे निघालेल्या प्रत्येक कुपीला लावले. शास्त्रीय निष्कर्ष लोकभाषेत आणताना शब्दाबरोबर त्याची मर्यादाही तितक्याच सोपेपणाने सांगावी लागते, हे या प्रकरणावरून दिसून येते.