कार्यव्हिसाची मुदतवाढ व मराठी स्थलांतरित

कार्यव्हिसाची मुदतवाढ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ठराविक मुदतीपुरती नोकरी करण्यासाठी आलेल्या परकीयास, कायम निवासाच्या परवान्याची (ग्रीन कार्डाची) प्रतीक्षा चालू असताना मिळणारा वाढीव वास्तव्याधिकार. सुशिक्षित मराठी भाषकांच्या स्थलांतराच्या अलीकडील इतिहासात त्यास विशेष महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी : १९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यास जवळजवळ पूर्ण बंदी होती. १९४६ मध्ये भारतासाठी वर्षाला अवघ्या शंभर जणांचा कोटा ठरला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची ही पद्धत रद्द केली आणि डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ यांना मार्ग खुला झाला. त्या पिढीतील अनेकांना कायम निवास तुलनेने लवकर मिळाला. १९९० च्या कायद्याने एच-१बी हा तात्पुरता प्रकार सिद्ध केला. त्याची मुदत प्रथम तीन व एकूण सहा वर्षे ठरली. याच कायद्याने नोकरीवर आधारित कायम निवासाची वार्षिक मर्यादा १,४०,००० अशी निश्चित केली. तीत कुटुंबीयांचीही गणना होते आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत.

वऱ्हाडातील स्थिती : अमरावती येथे १९६४ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना वाव मिळाल्यावर त्याच वर्षी बडनेरा व शेगाव येथे अशी महाविद्यालये स्थापन झाली. त्यामुळे महानुभावांचे तीर्थक्षेत्र असलेल्या रिद्धपूरसारख्या (जि. अमरावती) गावांच्या परिसरालाही हे शिक्षण जवळ आले. संगणकव्यवसायाच्या वाढीबरोबर येथील पदवीधरही पुणे-मुंबईच्या पदवीधरांप्रमाणे एच-१बी व्हिसावर अमेरिकेस जाऊ लागले.

मुदतवाढीचे स्वरूप : कायम निवासासाठी भारतीयांची रांग वाढत गेल्याने सहा वर्षे अपुरी पडू लागली. म्हणून ऑक्टोबर २००० मध्ये संमत झालेल्या कायद्याने दोन सवलती दिल्या. कामगार प्रमाणपत्राचा अथवा मालकाचा स्थलांतरविषयक अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस झाले असल्यास एकेक वर्षाची, आणि मालकाचा अर्ज मंजूर होऊनही देशनिहाय मर्यादेमुळे जागा उपलब्ध नसल्यास तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ मिळू लागली. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत, मात्र कमाल २४० दिवस, त्याच मालकाकडे काम चालू ठेवता येते. तथापि जागांची संख्या व देशनिहाय मर्यादा पूर्ववतच राहिली. परिणामी सवलतीने राहण्याचा हक्क वाढला, रांग मात्र आखूड झाली नाही.

कागदपत्रे : रांगेतील स्थान नागरिकत्वावरून नव्हे, तर सामान्यतः जन्मदेशावरून ठरते. म्हणून जन्माच्या पुराव्यास महत्त्व येते. वऱ्हाडात जुन्या जन्मनोंदी कोतवाल बुकात सापडतात, पण तीत पुष्कळदा बापाचे नाव व ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्या नातलगांची शपथपत्रे जोडावी लागतात.

परिणाम : वास्तव्याची मुदत वाढली, तरी पासपोर्टावरील व्हिसा आपोआप वाढत नाही. त्यामुळे गावी आईवडिलांच्या आजारपणासाठी आलेल्या व्यक्तीस परतण्यापूर्वी बहुधा अमेरिकन वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो आणि तो लांबल्यास नोकरी धोक्यात येते. नोकरी सुटल्यास २०१७ पासून कमाल साठ दिवसांची सवड मिळते. विशिष्ट अटींवर पतिपत्नींपैकी अवलंबितास काम करण्याची मुभा २०१५ मध्ये मिळाली. मुलांचा प्रश्न अधिक बिकट आहे. भारतात जन्मलेले मूल २१ वर्षांचे झाल्यावर पालकांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. २००२ च्या कायद्याने वयाच्या गणनेत काही सूट दिली असली, तरी दीर्घ रांगेपुढे ती पुष्कळदा अपुरी ठरते. अमेरिकेत जन्मलेले त्याचे धाकटे भावंड मात्र जन्मतःच तेथील नागरिक असते. एकाच घरातील दोन मुलांचे भवितव्य असे जन्मस्थळावरून वेगळे होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क घोषित झाले. ते तेथेच राहून केलेल्या मुदतवाढीस लागू नसल्याचे प्रशासनाने स्पष्ट केले. तथापि तात्पुरत्या म्हणून आरंभलेल्या वास्तव्यात उमेदीची वर्षे व्यतीत होण्याचे मूळ कारण, म्हणजे १९९० ची संख्यामर्यादा, त्यामुळे बदललेले नाही.