मुर्तिजापूरला गाडी बदलते : वऱ्हाडात ऐकू आलेला मारिओ आणि कॉन्ट्रा

१/
१९९०च्या दशकात परतवाडा, अचलपूर वा अकोल्यात ज्यांनी घरच्या टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळला, त्यांच्या कानांत राहिलेले संगीत जपानी वा अमेरिकी समवयस्कांच्या आठवणीतल्या संगीताहून बहुधा वेगळे आहे. चाल तीच, परंतु लय संथ, आवाजाचा पोत निराळा. हा स्मृतीचा दोष नव्हे. त्यामागे आयातकर, दूरचित्रवाणीची प्रणाली आणि नक्कल केलेल्या चिपा यांचा इतिहास आहे. त्याविषयी हा धागा.

२/
आरंभ परतवाड्याच्या ओळखीच्या उदाहरणाने करू. अचलपूर–मुर्तिजापूर ही शकुंतला रेल्वेची सुमारे ७६ किलोमीटरची वाट. तिचा रूळ २ फूट ६ इंचांचा. मुर्तिजापूरला भेटणाऱ्या मुंबई–नागपूर मुख्य मार्गाचा ५ फूट ६ इंचांचा. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला एका गाडीतून उतरून दुसरीत चढे. माल तोच राही. वाहन, वेग आणि क्षमता बदले.

३/
व्हिडिओ गेमच्या व्यवहारात अशा गाडीबदलाला ‘पोर्ट’ म्हणतात. एका यंत्रासाठी रचलेला खेळ दुसऱ्या यंत्रासाठी पुन्हा बांधणे म्हणजे पोर्ट. चित्रे, नियम, संगीत हे सारे नव्या यंत्राच्या मापात बसवावे लागते. कधी हे काम मूळ कंपनीचेच लोक जाणीवपूर्वक करतात. कधी मात्र कोणी काहीही न ठरवता, केवळ यंत्र बदलल्यामुळे, ते आपोआप घडते. वऱ्हाडापर्यंत पोहोचलेल्या संगीतावर हे दोन्ही संस्कार झाले होते.

४/
जाणीवपूर्वक पोर्टचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘कॉन्ट्रा’. कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी काढला. त्यात यामाहाची वायएम २१५१ ही चिप होती. ती एकाच वेळी ८ स्वर वाजवू शके आणि त्यांना धातूसारखी झळाळी देऊ शके. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हा खेळ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. तेथे एवढा ऐवज नव्हता.

५/
निन्टेन्डोचे ते यंत्र, फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. त्याच्या ध्वनिविभागात ५ चॅनल : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचे, एक खरखरीचे आणि एक लहान ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारे. साधारणपणे चौकोनी लहरींनी चाल आणि तिची साथ सांभाळायची, त्रिकोणी लहरीने खर्ज, खरखरीने ताल. हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांनी कॉन्ट्राचे संगीत या चौकटीत नव्याने बसवले. साधने आटली, तशी रचना अधिक नेटकी झाली.

६/
थोडक्या साधनांतून भरघोस संगीत उभे करण्याची कल्पना अमरावती जिल्ह्याला परकी नाही. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर भजने गात गावेच्या गावे जागी केली. वाद्ये मोजकी असली की चाल ठसठशीत असावी लागते. कोजी कोंदो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी जे केले, त्यातही हीच शहाणीव दिसते. एकदा ऐकल्यावर विसरता येऊ नये अशी चाल, आणि तिला पुरेल एवढीच साथ.

७/
आता हे संगीत भारतात कसे आले, ते पाहू. अधिकृत मार्ग अरुंद होता. इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरील आयातकर जबर होता. सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र शॉ वॉलेसमार्फत १९९५ मध्ये भारतात आले, तेव्हा किंमत सुमारे १८,००० रुपये होती. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९९४ मध्ये, शकुंतलेचे वाफेचे इंजिन निवृत्त होऊन डिझेलचे लागले होते. अशा गावातल्या सर्वसामान्य घराला १८,००० रुपयांचे खेळणे परवडणे शक्य नव्हते.

८/
ती पोकळी भरली फॅमिकॉमच्या नकलांनी. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे त्या पिढीला आजही आठवतात. आतली रचना फॅमिकॉमची, पण चिपा नक्कल केलेल्या. खेळाच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. एका कॅसेटमध्ये ६४ खेळ, पुढे तर ९९९९९९९ खेळ असल्याचा दावा असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. ज्याच्याकडे यंत्र त्याच्या घरी गल्लीतील मुले जमत. काही ठिकाणी तासाच्या भाड्यानेही खेळता येई.

९/
येथे दुसरा, कोणीही न ठरवलेला गाडीबदल होतो. जपान आणि अमेरिकेतील टीव्हीचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाई. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल प्रणालीवर. तेथे हा आकडा ५०. फॅमिकॉमवरील संगीताचा कारभार बहुतेक खेळांत याच ठोक्यावर चाले. चित्राचा एक फेरा पूर्ण झाला की प्रोग्रॅम संगीताला एक पाऊल पुढे ढकले. टीव्ही हाच जणू तबलजी.

१०/
हिशेब सोपा आहे. एखादा स्वर १२ फेऱ्यांपुरता लिहिलेला असेल, तर ६० हर्ट्झवर तो ०.२० सेकंद टिकतो आणि ५० हर्ट्झवर ०.२४ सेकंद. जपानमध्ये ६० सेकंदांत संपणारी चाल येथे ७२ सेकंद चालते. युरोपही ५० हर्ट्झचाच. पण तेथील सुपर मारिओ ब्रदर्सची कॅसेट निन्टेन्डोने वेग जुळवून दिली होती. नकली कॅसेटांत मात्र बहुधा ६० हर्ट्झसाठी लिहिलेला मूळ खेळ जसाच्या तसा असे. तो पालच्या ठोक्यावर लागला की मारिओही संथ धावे आणि त्याची चालही.

११/
एक बारकावा येथे महत्त्वाचा. ध्वनिफीत हळू फिरवली की आवाज जाड होतो, तसे या नकलांत होत नसे. स्वराची उंची यंत्राच्या घड्याळावर ठरते, लय टीव्हीच्या ठोक्यावर. निन्टेन्डोच्या अधिकृत पाल यंत्राचे घड्याळ १.६६ मेगाहर्ट्झचे असल्याने स्वर अर्ध्या सुराहूनही अधिक उतरत. पालसाठी केलेल्या नकली चिपांचे घड्याळ १.७७ मेगाहर्ट्झचे, म्हणजे मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ. म्हणून पट्टी जवळपास मूळचीच राही आणि लय तेवढी विलंबित होई.

१२/
तिसरा बदल आवाजाच्या पोताचा. चौकोनी लहर दर आवर्तनात किती काळ ‘चालू’ राहते, यावर तिचा रंग ठरतो. २५ टक्के असेल तर आवाज बारीक आणि नाकातला. ५० टक्के असेल तर भरदार, पोकळ. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या काही चिपांत या दोहोंच्या जागांची अदलाबदल झालेली होती. संगीतकाराने जेथे बारीक आवाज योजला, तेथे भरदार वाजे; भरदार योजला तेथे बारीक. जणू सनईची जागा बासरीला आणि बासरीची सनईला दिली.

१३/
त्यातच खेळाचे आवाज चालीचे तुकडे पळवत. चॅनल मोजके, म्हणून गोळी सुटली वा उडी मारली की तो आवाज संगीतातील एखादा चॅनल क्षणभर बळकावी. शिवाय अँटेनाच्या खाचेतून जोडलेल्या टीव्हीच्या लहानशा स्पीकरमधून खर्ज पुरता उमटत नसे. कॉन्ट्रा सतत गोळ्या झाडत खेळणाऱ्या मुलाने त्याची चाल अखंड अशी क्वचितच ऐकली असेल. गाळलेल्या जागा तो मनात भरून घेई.

१४/
रिमिक्सचाही एक नमुना या कॅसेटांतच होता. ९९९९९९९ खेळांच्या प्रसिद्ध कॅसेटच्या यादीवर समुद्रकिनारा दिसे आणि एक संथ धून वाजे. ती धून अलेक्स नॉर्थ यांनी १९५५ च्या ‘अनचेन्ड’ या अमेरिकी चित्रपटासाठी रचलेल्या ‘अनचेन्ड मेलडी’ची. १९९० च्या ‘घोस्ट’ चित्रपटाने ती पुन्हा जगभर पोहोचवली. कुणा अनाम प्रोग्रॅमरने ती फॅमिकॉमच्या चॅनलांत बसवली. चित्रपट न पाहिलेल्या मुलांच्या लेखी ती केवळ ‘कॅसेट लावल्यावर वाजणारी धून’ होती.

१५/
मग यातले ‘मूळ’ कोणते? मराठी रंगभूमीने या प्रश्नाकडे मोकळेपणाने पाहिले आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचा निर्देश असे. चाल उसनी घेणे हे उणेपण मानले गेले नाही. तिचे काय केले, ते पाहिले गेले. हाच निकष लावला, तर परतवाड्यात वाजलेला संथ कॉन्ट्रा हा बिघाड ठरत नाही. तो एक स्वतंत्र पाठ ठरतो.

१६/
परंतु इतिहासाच्या दफ्तरात सगळ्या पाठांना सारखी जागा मिळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुपर मारिओ ब्रदर्सची चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान प्रथमच मिळाला. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या ‘डेंडी’ या नकली यंत्राचे नाव तर संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या काही एम्युलेटर प्रोग्रॅमांत आज एक पर्याय म्हणून कोरले गेले आहे. तो निवडला की नकली पाल यंत्राची लय परत येते. समुराई वा लिटल मास्टर यांच्या नावाला अशी जागा लाभलेली नाही.

१७/
याचा परिणाम रोजच्या ऐकण्यावर होतो. मोबाइलवर वा यूट्यूबवर हे संगीत बहुतांशी ६० हर्ट्झच्या लयीत भेटते. चाळिशीतील वऱ्हाडी श्रोत्याला ते घाईचे वाटते आणि तो दोष आपल्या स्मरणशक्तीला देतो. वस्तुतः त्याची स्मृती पुराव्याइतकी अचूक असू शकते. पुरावाच उरलेला नसतो. नळीचे टीव्ही भंगारात गेले, यंत्रे गेली. कॅसेटा माळ्यावर असतील, तर एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत त्याही जातील.

१८/
म्हणून एक विनंती. घरात असे यंत्र असेल तर ते टाकण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. खोक्यावरील व यंत्राखालील नावे, आकडे यांचे छायाचित्र घ्यावे. यंत्र चालत असेल तर कॅसेटच्या यादीपासून पहिल्या टप्प्यापर्यंतचा आवाज सलग ध्वनिमुद्रित करावा. आणि ते कोठून, केव्हा, केवढ्याला आणले, हे ज्यांनी आणले त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावे. परतवाड्यातील एखाद्या घरातले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रणही या इतिहासाचे अस्सल साधन ठरेल.